उलटा फोन करणारं कुलूप

आमच्या घरी मोबाइलचा पासवर्ड मला मंडळीला विचारावा लागतो. मी विचारला की ती आधी पोटभर हसते, मग म्हणते, "अर्ध्या जिल्ह्याला पासवर्ड वाटत फिरले, अन् आता स्वतःचा सांगता येऊन नाही राहिला!" खरं आहे ते. नव्याण्णव सालापासून सात-आठ वर्षं गोंदियातल्या एका धान खरेदी संस्थेत माझं तेच काम होतं. दारावर 'संगणक विभाग' अशी पाटी होती आणि विभागात मी एकटा. खेड्यातले लोक मला पासवर्डवाले बाबू म्हणत.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहायला सांगितल्या. गमती आहेत, दोन-चार सांगतोही. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट आडवी येते आणि ती गंमत नाही. माझ्या एका सहीनं एका मुलीची नोकरी गेली. ती सही चुकीची होती हे कळायला मला अकरा वर्षं लागली. आजही ती गोष्ट सुरुवातीपासून सांगायला गेलो की मध्येच माझा मी बुचकळ्यात पडतो. तुम्हाला तरी नीट सांगता यावी म्हणून सावकाश सांगतो.

आधी काम काय होतं ते. मुख्य कचेरी गोंदियात, खरेदी केंद्रं बाहेर: सौंदड, आमगाव, अर्जुनी आणि आणखी काही. प्रत्येक केंद्रावर एक कॉम्प्युटर आणि एक मोडेम. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला बोलायला लावणारी डबी. ती फोन लावताना अशी किंचाळायची की आमगावच्या केंद्रातली मांजर पहिल्याच दिवशी पळाली, ती परत आली नाही. केंद्रावरून निरोप यायचे ते असे: बारदाना पाठवा, बारदाना नको, केंद्र उद्या बंद. बारदाना म्हणजे धान भरायची रिकामी पोती. पोती नसतील तर धान घेता येत नाही, आंगणात ढीग पडून राहतो आणि माणूस आभाळाकडे बघत बसतो.

आता हा निरोप केंद्राचाच आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी पासवर्ड. प्रत्येक केंद्राला वेगळा. पासवर्ड बरोबर पडला की आमचं मशीन निरोपाच्या डोक्यावर त्या केंद्राचं नाव आपोआप छापायचं. त्यामुळे निरोपात गावाचं नाव लिहायची गरजच नव्हती. मीच सगळ्यांना बजावलं होतं, "उगाच लांबण लावू नका, फोनचं मीटर पडतं."

पण पासवर्ड सांभाळतील तर ते आमचे लोक कसले! अर्जुनीच्या ऑपरेटरला कितीही सांगा, तो पासवर्ड 'प्रतापगड' हाच ठेवायचा, म्हणजे त्यांच्या तालुक्यातला यात्रेचा प्रतापगड. "यात्रेला जातो ना बाबू, लक्षात राहते." अरे बाबा, यात्रेला तर अख्खा तालुका जातो! एका केंद्रावर दसऱ्याला शिपायानं मशीनची पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि कपाटातली पासवर्डची चिठ्ठीही काढून मोडेमपुढे ठेवली. का, तर तेही शस्त्रच. प्रसाद घ्यायला पन्नास माणसं आली, पन्नासांनी वाचली. मी चिडलो तर शिपाई म्हणाला, "पूजेतली चीज कोनी चोरते काय जी?" मी कपाळावर हात मारला आणि मोडेमच्या भोकांतून कुंकू झाडत बसलो.

मग मी मुख्य कचेरीत एक नवीन युक्ती बसवली. तिचा मला फार अभिमान होता. केंद्रानं फोन लावायचा, पासवर्ड द्यायचा. पासवर्ड बरोबर असला तरी आमचं मशीन आत घेणार नाही. ते फोन कापणार आणि त्या केंद्राचा जो नंबर मी लिहून ठेवलाय, त्या नंबरावर स्वतः उलटा फोन करणार. म्हणजे सौंदडचा पासवर्ड तुम्ही चोरलात आणि दुसरीकडून लावलात, तरी उलटा फोन जाणार सौंदडच्या कचेरीतच. तिथं कोणी नसेल तर घंटी वाजून वाजून थांबेल. सगळ्या केंद्रांच्या माणसांना बोलावून मी छातीठोकपणे सांगितलं, "पासवर्ड चोरता येईल, सौंदडची कचेरी कोण उचलून नेणार?" सगळे हसले. सुनंदा सगळ्यात पुढे बसली होती. तिनं वहीत लिहून घेतलं.

सुनंदा सौंदड केंद्राची ऑपरेटर. करारावरची नोकरी, दरवर्षी नवा कागद. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, रोवणी करणाऱ्या घरातली, टेबलाशी बसून काम करणारी घरातली पहिली. मी दुरुस्तीला गेलो की तिचे वडील मुद्दाम केंद्रावर यायचे, बोलायचे काही नाही, खिडकीतून पोरीला टाइप करताना बघून निघून जायचे. बाकी सगळ्यांचे पासवर्ड मला पाठ होते, कारण त्यांनीच ते कधी ना कधी बोलून दाखवले होते. सुनंदानं तिचा पासवर्ड मला फोनवरसुद्धा सांगितला नाही. म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं ना, कोनाले सांगू नोका. मंग तुमाले कायले सांगू?" मला तेव्हा राग आला होता, आणि कौतुकही वाटलं होतं.

ही गोष्ट त्यानंतरच्या दिवाळीची. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई असते. गाव तेवढ्या मंडया, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला आणि वेगळा. त्या दिवशी पाहुणे येतात, बाजार भरतो, दंडार नावाचं आमचं लोकनाट्य रंगतं, नाटक होतं, आणि गावातली सगळी कामं बंद. माणूस आपल्या मंडईला तर असतोच, शिवाय मामाच्या, मावशीच्या, सासुरवाडीच्याही गावाला जातो. तो पंधरवडा म्हणजे नुसती ये-जा.

त्या दिवशी सकाळी सौंदडहून निरोप आला, बारदाना पाठवा. गाडी दुसऱ्या दिवशी निघायची होती. संध्याकाळी पावणेसहाला पुन्हा सौंदडच्या नावानं निरोप आला: 'उद्या मंडई. केंद्र बंद. बारदाना पाठवू नये.' मॅनेजर साहेबांनी गाडी दुसरीकडे वळवली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. सौंदडच्या आंगणात सोळा शेतकऱ्यांचं धान उघड्यावर होतं, पोतं एकही नव्हतं. तासभर पाऊस पडला. चार दिवसांनी त्या ढिगांना कोंब फुटले.

मॅनेजर साहेबांनी सुनंदाला गोंदियाला बोलावलं. साहेब जिल्ह्याबाहेरचे, नवीन आलेले. मी नोंदींचे कागद घेऊन बाजूला उभा.

"निरोप तुम्ही पाठवला?"

"नाही जी. मी पाचाले कुलूप लावलं अन् घरी गेली. सकाळी मीच बारदाना मागतला, मंग संध्याकाळी मी कायले नाही म्हनू?"

"पासवर्ड कोणाला सांगितलात?"

"कोनालेच नाही. बाबूलेई नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंद वाचून दाखवली. पासवर्ड सौंदडचा. उलटा फोन सौंदडच्या नंबरावर. जोडणी झाली. म्हणजे पावणेसहाला सौंदडच्या कचेरीत कोणीतरी होतं, आणि किल्ली एकच, सुनंदाकडे.

"पन आमची मंडई तं होऊन गेली होती!" सुनंदा एकदम म्हणाली. "चार दिस आंधी झाली. मंग मी 'उद्या मंडई' असं कायले लिवीन?"

साहेब म्हणाले, "तुमची झाली असेल, मामाची राहिली असेल. जायचं होतं तर रजा मागायची."

ती माझ्याकडे वळली. "बाबू, तुमी तं इथलेच. तुमी सांगा ना."

मी काय सांगितलं? मी म्हणालो, "सुनंदा, मशीन खोटं बोलत नाही." आणि अहवालावर सही केली की उलट्या फोनच्या पद्धतीत बाहेरच्या माणसाला शिरणं शक्य नाही. 'शक्य नाही' या दोन शब्दांखाली मी रेघही मारली होती. वर्षअखेरीला तिचा करार पुढे वाढला नाही.

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात काहीतरी खुपत होतं. जी पोरगी मला पासवर्ड सांगत नाही, ती असला निरोप कशाला पाठवेल? मी रात्र-रात्र नोंदी चाळल्या वगैरे काही केलं नाही. मी फक्त गोंधळलो आणि गोंधळ झाला की माणूस जे करतो ते केलं, म्हणजे आणखी कडक झालो. सगळ्या केंद्रांवर फिरून एका आठवड्यात सगळे पासवर्ड बदलले. साहेबांनी शाबासकी दिली. त्या बदलण्यानं मी काय पुसून टाकलं, हे मला तेव्हा कळण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे ब्रॉडबँड आलं, मोडेम भंगारात गेले, मी रिटायर झालो. मग एकदा गोंदियात मोतीबिंदूच्या शिबिरात गेलो. शेजारच्या खाटेवर आमचा जुना ट्रक ड्रायव्हर हरिराम निघाला. दोघांच्याही एकेका डोळ्यावर हिरवी पट्टी. एका-एका डोळ्यानं आम्ही एकमेकांना ओळखलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "आपका वो कम्प्यूटर बडा झूठा था."

मला राग आला. म्हटलं, "काऊन रे? काय केलं त्यानं तुझं?"

"अरे, वो सौंदड का धान भीगा था ना, उस दिन की बात. मुझे बोला, सौंदड मत जा, मंडई है, गाडी आमगाव ले जा. आमगाव गया तो गेट पे ताला! मंडई तो वहाँ थी. ढोल बज रहे थे. खाली करने को एक आदमी नहीं मिला. वापस लाया तो डांट भी मुझे ही पडी."

मी उठून बसलो. नर्स ओरडली, झोपा म्हणून. मी झोपलो, पण डोकं भणाणून गेलं होतं. मंडई आमगावची होती. मग आमगावनं बंदचा निरोप पाठवला नव्हता का? हरिराम म्हणाला, तिथले ऑपरेटर कटरेभाऊ सांगत होते, निरोप दिला होता. पण ट्रकवाल्या टेबलानं तो बहाणा समजून फाईल बंद केली. ते टेबल माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होतं. तिथं आमगावहून गाडी परत आल्याचा कागद पडून होता, इथं सौंदडच्या निरोपाचा, आणि दोन्ही टेबलांनी मिळून एक कप चहासुद्धा घेतला नव्हता.

पट्टी निघाल्यावर मी घरातली पत्र्याची पेटी उघडली. प्रत्येक केंद्राच्या सेटिंगची एक फ्लॉपी मी ठेवत असे, मशीन बिघडलं तर त्यातून सगळं परत भरायला. पासवर्डही त्यातच असायचा. सुनंदानं मला तोंडानं सांगितला नव्हता, पण फ्लॉपीत तो आपसूक येऊन बसला होता. फ्लॉपी कुठं वापरली हे तिच्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहायची मला सवय. सौंदडची फ्लॉपी हातात घेतली. वर शाईनं 'सौंदड'. खाली पेन्सिलनं, माझ्याच अक्षरात: 'आमगाव, दिवाळी. चालली.' पुढे बरोबरची खूणसुद्धा.

आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत आमगावच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला होता. सण सोडून गेलो होतो, घाईत होतो. पिशवीतून फ्लॉपी काढली, टाकली, मशीन सुरू झालं, मी खूश. आमगावच्या मशीनमध्ये मी सौंदडचा पासवर्ड भरून आलो होतो. सुट्टीनंतर कटरेभाऊंनी पहिलाच निरोप पाठवला तो मंडईचा. आमच्या मशीननं त्यावर सौंदडचं नाव छापलं. नंतर मीच सगळे पासवर्ड बदलले आणि माझीच चूक माझ्या हातानं झाकली गेली.

आता मला लाज वाटली पाहिजे होती. ती वाटली, पण तिच्या आधी गोंधळ आला. कारण उलटा फोन! पासवर्ड कोणाचाही असो, उलटा फोन सौंदडला जायला हवा होता. सौंदडला तर कुलूप होतं. मग जोडणी झाली कशी? दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मंडळी म्हणाली, "असं बसून काय राहिले? जा ना त्या कटरेकडे!"

आमगावला गेलो. कटरेभाऊ घरीच होते, नातीला अंगावर घेऊन. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही निरोप पाठवायचे तेव्हा नेमकं काय-काय करायचे? एकेक सांगा."

"कायी नाही गा. मशीन फोन लावे. पासवर्ड जाये. मंग तिकडून कटे."

"मग तुम्ही फोन ठेवायचे, आणि घंटीची वाट बघायचे."

"ठेवाचो कायले?" ते हसले. "ठेवला का लगेच कोनाचा तरी फोन येऊन राहे. 'बारदाना आला काय? काटा चालू हाय काय?' सिझनमंदी लाइन खालीच राहे नाही. म्हनून मी बाजूचा रिसिव्हर उचलूनच ठेवो, कानाले लावून. तिकडून टिकटिक आवाज आला का 'आन्सर'चं बटन दाबो. तुमीच तं दाखोलं होतं ते बटन."

मी तिथंच ओसरीवर ती जोडणी मनातल्या मनात पुन्हा लावून पाहिली. माझं मशीन फोन कापायचं, पण ज्यानं फोन लावला त्यानं रिसिव्हर उचलून धरला तर त्या काळी लाइन काही वेळ सुटत नसे. मशीनला वाटायचं आपण नव्यानं सौंदडला फोन लावतोय. ते नंबर फिरवायचं आणि तो नंबर जुन्याच जोडणीत, कटरेभाऊंच्याच कानात वाजायचा. माझ्या अभेद्य कुलपाला आमगावात कधी कडीच लागली नव्हती. आणि या माणसाला वाटत होतं, आपण बाबूनं शिकवलेलंच करून राहिलो.

"काही चुकलं काय बाबू?" कटरेभाऊंनी विचारलं.

"तुमचं नाही," मी म्हणालो.

सौंदडला जायला मात्र मला महिना लागला. रोज ठरवायचो, रोज काहीतरी काम काढायचो. शेवटी गेलो. सुनंदाचं स्टेशनजवळ दुकान आहे, ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. दाखले, तिकिटं, पेन्शन, सगळं. आत बुद्धाची तसबीर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन, आणि बाहेर बाकावर म्हाताऱ्या माणसांची रांग. प्रत्येक जण आत येऊन म्हणत होता, "ताई, माहा पासवर्ड सांग वं." ती खणातून जाड वही काढायची, बघायची, वही परत आत, खणाला कुलूप. कुलूप ती तीनदा ओढून बघायची. माझ्या देखत चार वेळा असं झालं.

तिनं मला लगेच ओळखलं. "बाबू! या ना जी. चाय मांडू?"

मी चहा नको म्हटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फ्लॉपी, आमगावची मंडई, कटरेभाऊंचा रिसिव्हर. सांगताना माझी पुन्हा गल्लत झाली. मधूनच मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. तिनं एकदाही टोकलं नाही. बाहेरचे लोकही ऐकत होते.

मी थांबल्यावर तिनं खणाची किल्ली हातात फिरवली. मग म्हणाली, "मंजे मी नव्हता पाठोला."

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"बाबू, पयल्या वर्षी मले मालूम होतं का मी नाही पाठोला. मंग सारे म्हनाले, मशीन खोटं बोलत नाही. ज्यायचं धान भिजलं ते माह्या घरासमोरून जात, पन बाबाले रामराम करत नव्हते. मंग मले वाटाले लागलं, पाठोला असन मीच. माह्या ध्यानातून गेलं असन. तवापासून माह्यावर माहाच भरोसा नाही. घराले कुलूप लावलं का नाही म्हनून अर्ध्या रस्त्यातून वापस येते. पोरं हासतात मले." तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "बाबा गेले जी मागच्या साली. तेयले हे आयकाचं होतं."

मला त्या माणसाची खिडकीतली उभी मूर्ती आठवली. मला रडू आलं, आणि त्या बाकावरच्या लोकांसमोर मी रडलो.

तिनंच पाणी दिलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिवून द्या."

मी लिहिलं. तीस वर्षांची कचेरीची सवय, हात आपोआप चालला: 'सदर निरोप यंत्रणेतील त्रुटीमुळे सौंदड केंद्राच्या नावाने नोंदला गेला. श्रीमती सुनंदा यांचा त्यात काही दोष नाही.' खाली सही.

तिनं कागद वाचला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "यंत्रनेतली त्रुटी मंजे कोन?"

मी कागद परत घेतला. ते शब्द खोडले. वर लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे'. पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

तिनं तो कागद बाहेरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हाती दिला. त्या सोळांपैकी तो एक होता. त्यानं चष्मा लावून एक-एक अक्षर वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माफ कर वं पोरी." मग तिनं कागद लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातला. दुसऱ्या बाजूनं तो गरम होऊन, चकचकीत होऊन बाहेर आला. तिनं तो खणात वहीच्या वर ठेवला, खणाला कुलूप लावलं, एकदाच ओढून पाहिलं.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "यंदा मंडईले येजा बाबू. मंडळीलेई आनजा. पन दिवस इचारून येजा, नाहीतं जासान आमगावले."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही. जो प्रश्न तेव्हा एकाच माणसाला विचारला असता तरी पुरला असता, तो मी त्या दारात उभं राहून अकरा वर्षांनी विचारला.

"सुनंदाताई, सौंदडची मंडई कधी असते?"